घसरणारं रबर

माझं लग्न ठरलं तेव्हा मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला होतो आणि बेकार होतो. मंदीचे दिवस होते. पुण्यात ज्या कॉलेजात शिकलो, तिथल्याच प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याची जागा मिळते का ते विचारायला गेलो, तर माझ्याआधी दोन बी.एस्सी. बाकावर बसलेले. वडील निफाडजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर, माझ्या पाठची भावंडं अजून शिकत होती. अशात नाशिक रोडच्या एका रबर कारखानदाराच्या मुलीचं स्थळ सांगून आलं. मुलगी एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली. अट एकच होती. जावयानं तिथंच राहायचं आणि कारखाना बघायचा.

घरजावई हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. पण लग्नानंतर मी बॅग घेऊन निघालो तेव्हा आईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर दही घातलं, पदर डोळ्यांना लावला, आणि मधेच थबकली. मुलीला सासरी धाडताना करतात तसंच सगळं आपण करतोय हे तिच्या लक्षात आलं असावं. वडील अंगणात पाठमोरे उभे राहून गाडीवानाला घाई करत होते.

कारखाना म्हणजे स्टेशनच्या अलीकडे, लोहमार्गाच्या कडेला एक लांबलचक पत्र्याची शेड. तिला चिकटून राहतं घर. स्वयंपाकघरातून एक दार सरळ शेडमध्ये उघडायचं. सकाळी चहा घेऊन त्या दारातून मी आत जाई, दुपारी त्याच दारातून जेवायला येई. महिनाभरानं एकदा चपला सापडेनात म्हणून शोधू लागलो, तर त्या पुढच्या दाराशी होत्या, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काढून ठेवलेल्या. त्यांवर काळ्या पुडीचा थर बसला होता.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणत. मीही अप्पाच म्हणू लागलो. तरुणपणी ते मुंबईला एका रबराच्या कारखान्यात साधे कामगार होते. तिथलंच एक जुनं यंत्र लिलावात घेऊन त्यांनी इथं आणलं. माणसाच्या मांडीएवढे जाड दोन लोखंडी रोलर, एकमेकांकडे फिरणारे, तेलाच्या इंजिनावर पट्ट्यानं चालणारे. त्यांच्या फटीत मलबारचं कच्चं रबर टाकलं की ते आधी फटफट उडतं, मग मऊ होत होत पुढच्या रोलरला चादरीसारखं गुंडाळून बसतं. मग त्यावर गंधक, सफेदा, काजळीची काळी पूड, खडूची पूड असं काय काय टाकायचं, चादर कापायची, दुमडायची, पुन्हा फटीत घालायची. एकजीव झालेला घाणा साच्यात भरून वाफेवर शिजवला की झाला माल तयार. नळाचे वायसर, पंपाच्या झडपा, टाचांचे तुकडे.

अप्पा वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. ते मला पहिल्या दिवसापासून जावईबापू म्हणत आणि माझ्याआधी कधी जेवत नसत. मी पुस्तकाचं नाव काढलं की चार दिवसांत मुंबईहून पुस्तक हजर. पण मी कोट अडकवला की ते कुठूनही उगवत.

"जावईबापू, उन्हाचे कुठं निघालात? काय हवं ते सांगा, मागवतो."

"काही नको अप्पा. जरा गंगेवर जाऊन येतो."

"मग चालत कशाला? टांगा सांगतो की."

टांगा येई. शेजारी अप्पा बसत. नाशकात मी गोदावरीच्या घाटावरून फिरून येईपर्यंत ते रामकुंडाच्या पायरीवर बसून राहत, आणि मी परतलो की म्हणत, "झालं मनासारखं?" एकदा मी आईला भेटायला गावी निघालो, तर माझ्यासोबत फळांची करंडी आणि कारखान्यातला एक गडी. गडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात उभा: "निघायचं ना, साहेब?" वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेटीतली माझी टोपी काढून माझ्या हातात दिली.

पगाराचा विषय निघाला तेव्हा अप्पा खरोखर दुखावले. "घरच्या माणसाला पगार? अहो, सगळं तुमचंच आहे." सगळं माझं होतं, आणि त्यातलं काहीही घेऊन मला उठून जाता येत नव्हतं.

माझी बायको तेव्हा अठराएक वर्षांची. पहिले काही महिने ती मला त्या घराचाच एक भाग वाटे. वाफेच्या डब्यातला माल शिजला की नाही ते ती चुलीपाशी बसून वासावर सांगायची आणि अप्पांना त्याचं कौतुक. मराठी सातवीला ती शाळेत पहिली आली होती, मास्तरीण व्हायचं म्हणत होती. पण अप्पांना सोडून पुण्याला ट्रेनिंगला कोण जाणार? हे तिनं मला सांगितलं ते वर्ष उलटल्यावर. एकदा मी केसांतली काळी पूड झाडत होतो, ती पाणी घालत होती.

"तुम्हाला इथं गुदमरायला होतं ना?" ती एकदम म्हणाली.

मी मान हलवली.

"मलाही होतं," ती म्हणाली. "लहानपणापासून. बाहेरची मुलगी घरात आली की आधी नाक धरायची. मला वाटायचं, या वासाशिवाय घर कसं असतं ते एकदा बघावं."

त्या दिवसापासून आम्ही नवराबायको झालो असं मला वाटतं.

त्याच उन्हाळ्यात विंचूरकडचे एक बागाईतदार शेडमध्ये तावातावानं आले. उसाला पाणी द्यायला त्यांनी विहिरीवर इंजिन बसवलं होतं. इंजिन वर, पंप खाली पाण्यात, मधे लांबलचक लोखंडी दांडा. दांडा डगमगू नये म्हणून त्याला जागोजागी कड्यासारखे बुश लागतात. विहिरीच्या पाण्यातल्या वाळूनं पितळी बुश झिजून जात, म्हणून अप्पांनी त्यांना रबराचे करून दिले होते. रबर वाळूला दाद देत नाही आणि ओलं असलं की दांडा त्यात लोण्यासारखा फिरतो. पण कोरड्यात?

पाहुण्यांनी धोतराच्या सोग्यातून एक काळा गोळा काढून बाकावर आपटला.

"हे बघा तुमचं रबर. पानी खाली गेलं, वरचा बुश कोरडा पडला. इंजिन चालू केलं का दांड्याला चिकटलं. लय वास सुटला, अप्पा, जसा काय मसनातला. दांडा अडकला आन पट्टा तुटला. ऊस वाळून चाललाय माझा."

अप्पा हात चोळत म्हणाले, "आधी बादलीभर पाणी ओतायचं ना वरून."

"रोज कोन उतरनार बादली घेऊन? तुम्ही येता का?"

मी तो गोळा हातात घेऊन पाहत होतो. जळालेल्या रबराला दांड्याचा आकार आला होता. आणि मला कॉलेजातला एक तास आठवला. पेन्सिल कागदावर का उमटते? तिच्यातलं ग्रॅफाइट थरांचं बनलेलं असतं. थराच्या आत कण एकमेकांना घट्ट धरून असतात, पण थर आणि थर यांच्यात फारशी ओढ नसते. जरा जोर पडला की वरचा थर खालच्यावरून सरकतो. हेच रबरात घातलं तर? पाणी येईपर्यंत दांड्याला घसरायला काहीतरी मिळेल.

"मला महिनाभर द्या," मी म्हणालो. मूल पहिल्यांदा उभं राहिल्यावर बघावं तसं अप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

महिन्याचे दोन झाले. ओतकामवाले साच्याला फासतात ती स्वस्त काळी पूड मी आधी घेतली. तिच्यात माती होती. बुशानं दांड्यालाच ओरखडे काढले. मग अप्पांनी मुंबईहून सिलोनचं ग्रॅफाइट मागवलं. चपट्या, चकचकीत पापुद्र्यांचं, मुठीत घेतलं तर माशाच्या खवल्यांसारखं निसटणारं. हौसेनं मी ते भरपूर घातलं. घाणा चंदेरी काळा झाला, छान दिसला. शिजवलेली चादर मी संध्याकाळी बायकोला दाखवायला नेली. तिनं ती दोन्ही हातांनी ओढली आणि चादर मधून उसवत गेली, चिरोट्याचे पदर सुटावेत तशी.

"हे तर पाण्याआधीच जाईल," ती म्हणाली.

बरोबर होतं. जे पापुद्रे दांड्याला सरकू देणार, तेच रबराला रबराचा हात धरू देत नव्हते. मी प्रमाण कमी करत आणलं. तरी बुशाच्या आतून सालपटं निघत. मग एक दिवस कापलेली कड भिंगाखाली धरून पाहताना लक्षात आलं, की रोलरमधून जाताना सगळे पापुद्रे चादरीत आडवे निजतात, वाऱ्यानं गवत निजावं तसे. आणि आम्ही काय करत होतो? चादरीच्या चकत्या एकावर एक रचून मधे भोक पाडत होतो. म्हणजे दांड्याकडे पापुद्र्यांच्या कडा येत होत्या, आणि दांडा त्या कुरतडत होता. पाठ यायला हवी होती. मी चादरीच्या पट्ट्या कापल्या आणि लोखंडी सळईवर पानाच्या विडीसारख्या गुंडाळून साच्यात घातल्या. तो बुश हातात घेतला आणि आतून बोट फिरवलं तर बोट थांबेचना.

विंचूरला तो बसवायला मीच विहिरीत उतरलो. अप्पा म्हणत होते कारखान्यातल्या मिस्त्रींना उतरवू, पण बागाईतदार अडून बसले, "ज्यानं केलं त्यानंच उतरावं." विहीर खोल होती. पायऱ्या संपल्यावर लोखंडी आकडे धरून लाकडी फळीवर उतरावं लागलं. पाणी फळीच्या पुष्कळ खाली. बुश बसवून मी वर हाक दिली, इंजिन धडधडू लागलं, आणि दांडा माझ्या तोंडासमोर फिरू लागला. कोरडा. मी बुशाच्या खोबणीवर तळवा ठेवून उभा राहिलो. कोमट, तेवढंच. खालून पाणी चढल्याचा गडगडाट आला, बुशाच्या फटीतून गार तुषार माझ्या मनगटावर उडाले, आणि वरती कुणीतरी ओरडलं, "आलं! आलं पानी!"

"जावईबापू, वास येतोय का?" अप्पा काठावरून वाकून विचारत होते. "वास?"

"नाही अप्पा!"

मी लगेच वर आलो नाही. वरून गोल आभाळ दिसत होतं, भिंतीतल्या कपारीत पारवे होते. मला एकदम जाणवलं की लग्न झाल्यापासून आज मी पहिल्यांदा एकटा आहे. तोही विहिरीच्या पोटात. हसू आलं.

त्यानंतर बुशाला मागणी आली. निफाड, विंचूर, कोपरगावकडून माणसं येऊ लागली. अप्पा प्रत्येकाला मला दाखवत. "हे आमचे जावई. यांनीच काढलं हे. यांच्याशिवाय कुणाला जमायचं नाही." ते अभिमानानं बोलत, आणि ते शेवटचं वाक्य मला नको वाटे. कारण ते खरं होतं. ग्रॅफाइटचा घाणा रोलरवर बसत नाही. साधं रबर रोलरला धरून राहतं, हे सुटतं, ढिल्या पडद्यासारखं लोंबतं, फटीतून पुढं जायला तयारच होत नाही. त्याला कधी कापायचं, कधी थांबायचं, फट किती ठेवायची, हे माझ्या हाताला कळलं होतं. मिस्त्री जुन्या नाशकातले, मुसलमान, वयानं अप्पांएवढे. ते म्हणायचे, "ये रबर नाय साहेब, ये मछली आहे." आणि साच्यांकडे निघून जायचे.

ज्या गोष्टीनं माझी सुटका व्हायची, तिनंच मला आणखी बांधून घातलं होतं.

दिवाळीच्या सुमारास मुंबईचे एक पंपविक्रेते माल पाहायला आले. अप्पा चहाचं सांगायला आत गेले, तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मी माहीमला छोटी प्रयोगशाळा घालतोय. रबराची. तुम्ही याल? राहायला खोली देतो. घाई नाही, संक्रांतीपर्यंत सांगा." त्यांनी हे हळू आवाजात म्हटलं नव्हतं, साधंच म्हटलं होतं. चोरटेपणा होता तो माझ्याच छातीत.

बायकोला सांगितलं तेव्हा ती परातीत पीठ मळत होती. तिनं हात थांबवले.

"हो म्हणा."

"आणि अप्पा?"

"हो म्हणा आधी," ती म्हणाली. "माहीमला समुद्र आहे ना हो?"

मी होकार कळवला. पण अप्पांना सांगायची वेळ येईना. रोज सकाळी ठरवायचं, आणि रोज अप्पांनी माझ्या आधी उठून माझ्यासाठी आंघोळीचं पाणी तापवलेलं असायचं. घरात आम्ही दोघं कुजबुजत बोलू लागलो. अप्पा खोलीत आले की बाजारभावाबद्दल काहीतरी बोलायचो. ते दोघांकडे आळीपाळीनं बघत आणि जानव्याशी चाळा करत.

पौषातली गोष्ट. मी सकाळी शेडमध्ये गेलो तर इंजिन आधीच सुरू होतं आणि रोलरपुढं अप्पा उभे. जाकीट काढून ठेवलेलं, बाह्या वर. पुढ्यात ग्रॅफाइटचा घाणा.

"अप्पा, तुम्ही कशाला?"

"बघतोय. मी काय नवा आहे होय रोलरवर? मला सांगा, कधी कापायचं?"

मला वाटलं, हौस आली असेल. मी शेजारी उभा राहून सांगू लागलो. चादर सुटली, लोंबू लागली. अप्पांनी ती तळव्यानं फटीकडे दाबली.

"हातानं नको अप्पा. लाकडाचा ठोकळा घ्या. हे घसरतं."

"हो, हो."

त्यांनी ठोकळा घेतला, थोडा वेळ वापरला. मी गंधकाचा डबा घ्यायला वळलो, अगदी हातभर अंतरावर होता तो. अप्पांनी कपाळावरचा घाम पुसायला ठोकळा खाली ठेवला असावा. चादर पुन्हा सुटली. चाळीस वर्षांची सवय त्यांच्या हातात होती, आणि साध्या रबरावर ती सवय चालून गेली असती. इथं चादर तळव्याखालून सर्रकन निसटली आणि तिच्याबरोबर हात गेला.

ते ओरडले नाहीत. "अरे," एवढंच म्हणाले. चुलीवर दूध उतू गेल्यावर म्हणावं तसं.

मिस्त्रींनी धावत येऊन काठीनं पट्टा उडवला. रोलर थांबले, हात मधेच. मी मोठ्या चाकाला लोंबकळून ते उलटं फिरवू लागलो. ते तसूतसूनं फिरत होतं. अप्पांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. "हळू," ते म्हणत होते, "हळू, जावईबापू, तुमचा हात सांभाळा." घाणा इतका काळा होता की त्यावर रक्त दिसत नव्हतं. नुसती ओल दिसत होती. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, दोन्ही हात पिठाचे.

नाशकातल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी उजव्या हाताची अंगठ्याखेरीज सगळी बोटं काढली. आम्ही दोघं व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. मिस्त्री पायरीवर बसून तसबी ओढत होते.

"काल मी अप्पांना सांगितलं," बायको समोर बघत म्हणाली.

"काय सांगितलं?"

"मुंबईचं. तुमच्यानं होईना, म्हणून मी सांगितलं. तुम्ही बुश बसवायला कुणाच्या मळ्यात गेला होतात तेव्हा."

"मग? काय म्हणाले?"

"मग म्हणाले, मला दिसत होतंच. म्हणाले, जा तुम्ही. तुझ्या आईलाही इथला वास सोसला नाही. तो ग्रॅफाइटचा घाणा तेवढा मला शिकून घेऊ दे, म्हणजे मी एकटा चालवीन, त्यांच्या जिवाला मागं घोर नको." तिचा आवाज तिथं फुटला. "म्हणून गेले ते रोलरवर. आपल्याला सोडायला."

इतके महिने ज्या माणसाला मी मनातल्या मनात जेलर म्हणत होतो, तो सकाळी उठून कुलूप उघडायला गेला होता.

मुंबईच्या गृहस्थांनी थोडे दिवस वाट पाहिली, मग दुसरा माणूस नेमला. ते रीतसरच होतं. अप्पा घरी आले ते बारीक होऊन. हाताचं बांधलेलं गाठोडं मांडीवर ठेवून शेडच्या दारात खुर्ची टाकून बसत. येता-जाता म्हणत, "जा रे तू. मिस्त्री आहेत, होईल काहीतरी." अपघातानंतर त्यांचं जावईबापू सुटलं, तुम्हीही सुटलं. मी तू झालो. आधीच्या मानापेक्षा हे मला आवडलं, आणि त्यामुळं जाणं आणखीच अवघड झालं. रोलरजवळ जायला कामगार धजत नव्हते. विहिरींना बुश हवे होते. आता मी कोट घालून गंगेवर चालत निघालो तर कुणी अडवत नसे, टांगा येत नसे. मी वाटेतल्या देवीच्या देवळापर्यंतच जाऊन परत येई. पूर्वी मागं ओढणारा माणूस तरी होता, ज्याच्यावर रागावता येई.

मी रोलरच्या पुढं छातीच्या उंचीवर एक लोखंडी दांडी बसवली, हात तिच्यापलीकडं जाऊच नये अशी. तिला धक्का लागला की पट्टा सुटेल अशी दोरी लावली. घाण्याची रीतही बदलली. आधी नुसतं रबर रोलरला पक्कं धरू द्यायचं, मग ग्रॅफाइट चिमटी चिमटीनं, मधे किंचित डांबर, म्हणजे चादर सुटत नाही. ही युक्ती आधी का सुचली नाही हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडत होता. अप्पा म्हणाले, "गरज नव्हती म्हणून. तुझा हात होता ना." एवढं झाल्यावर घाणा कुणालाही जमू लागला. मिस्त्रींच्या पुतण्यानं तो महिन्याभरात उचलला. म्हणजे आता मी खरंच मोकळा होतो. पण माहीमची जागा गेली होती, दुसरी मागायची तर कुठं, आणि अप्पांना सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती.

पुढच्या वैशाखात अप्पा जेवता जेवता म्हणाले, "हिला पाठव."

"कुठं?"

"पुण्याला. ट्रेनिंगला. तेव्हा मी अडवली. एकानं तरी बाहेर जावं या घरातून."

बायकोच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. "आणि तुमचं जेवण? गुंड्या?"

"आम्ही दोघं बाप्ये आहोत, मरत नाही," अप्पा म्हणाले. "काय रे?"

"नाही मरत," मी म्हणालो.

त्या दोन-तीन आठवड्यांत ती बदललीच. चालताना गुणगुणायची, पाटी-पुस्तकं काढून बसायची. एका दुपारी ट्रंक भरताना तिनं विचारलं, "तुम्हाला वाईट वाटतंय?"

"हो," मी म्हणालो. "हेवा वाटतोय."

ती ट्रंकेवर बसली. "मग मी जात नाही."

"तू गेली नाहीस तर तिघं अडकू. गेलीस तर दोघंच."

ती हसली नाही. माझ्या नखांतली काळी पूड तिनं आपल्या पदराच्या टोकानं काढायचा प्रयत्न केला, प्रत्येक बोटाची. ती कधीच निघत नसे.

कल्याणकडच्या गाडीला आम्ही तिला बसवलं. बायकांच्या डब्यात खिडकीशी जागा मिळाली. अप्पांनी डाव्या हातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घाईनं बाजूला झाले. गाडी हलली तेव्हा तिनं आम्हाला हात केला, आणि मग लगेच मान वळवून पुढं बघू लागली. गाडी जिकडं चालली होती तिकडं. अप्पांना ते लागलं असावं असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "बघ, मागं बघत नाही. बरं आहे."

ती दोन वर्षं पुण्यात राहिली, सुट्टीला येई तेव्हा नाक मुरडून म्हणे, "काय वास येतो हो तुमच्या घरात!" आणि अप्पा खूष होत. पुढं ती नाशकात मुलींच्या शाळेत लागली आणि खूप वर्षं शिकवलं तिनं. मी त्या शेडमध्येच राहिलो. लढाई सुरू झाली तेव्हाही तिथंच होतो, अप्पा गेले तेव्हाही. आनंदानं राहिलो असं म्हणणार नाही. विहिरीतून पाणी चढल्याचा गडगडाट ऐकला की बरं वाटायचं, तेवढं खरं.

तिला सोडून आलो त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पिठलं केलं. मी ढवळत होतो, अप्पा डाव्या हातानं पीठ सोडत होते. गुठळ्या झाल्या. एक मोठी गुठळी माझ्या ताटात आली, आतून कोरडी.

"तिला लिहू नकोस हे," अप्पा म्हणाले.

"नाही लिहीत."

"भात तरी बरा झालाय."

भात करपला होता. आम्ही तो सगळा खाल्ला.